लंगडीची साक्ष

१

रविवारी सकाळी सात वाजता मॅनेजरचा फोन आला.

“डॉक्टर, दोन नंबरच्या शेडमध्ये या. तीनशेच्या वर कोंबड्या आडव्या झाल्यात. आणि येताना ते मिठाचं मीटर घेऊन या.”

शर्टाची बटणं मी जिन्यात लावली. वीस वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे, पण असं कधी पाहिलं नव्हतं. पांढऱ्या कोंबड्यांचा सडा पडला होता. चोचीतून पाणी गळत होतं. ज्या जिवंत होत्या त्या दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या खात होत्या. कितीतरी जणींच्या पाठीवरची पिसं उपटलेली, कातडी लाल. ते मी पाहिलं आणि पुढे गेलो. आता त्याची लाज वाटते.

दोन मेलेल्या कोंबड्यांची पोटं उघडून पाहिली. मिठाची विषबाधा, शंकाच नव्हती. मग खाद्याच्या खोलीत जाऊन मोठ्या कोठीतलं मूठभर खाद्य घेतलं, पाण्यात कालवलं, मीटर बुडवलं. मीठ हवं त्याच्या आठपट.

“सोमवारी कालवलेलं आहे,” मॅनेजर म्हणाला. “एकदा कालवलं की आठवडाभर पुरतं. सहा दिवस हेच खातायत बिचाऱ्या.” मग तो दाराकडे वळला. “आणि कालवलं कोणी, ते सगळ्यांना माहीत आहे.”

दारात अक्का उभी होती. बावीस वर्षं या फार्मवर खाद्य कालवणारी बाई. सगळ्यांची अक्का, वयाने मोठ्या असलेल्यांचीसुद्धा.

“खाल्ल्या मिठाला जागली नाहीस तू,” मॅनेजर म्हणाला आणि तिच्यापुढे एक कागद धरला. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे’ अशी सुरुवात होती. “सही कर आणि घरी जा. पोलिसांत देत नाही, एवढं दाजींच्या नावाखातर.”

दाजी म्हणजे फार्मचे मालक. त्यांची बायको वारली तेव्हापासून तिच्या भावाने, म्हणजे या मॅनेजरने, फार्म सांभाळलं होतं. मालक स्वतः डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने दुसऱ्या गावी होते. ते नेमके आज सकाळीच परत आले होते, एका डोळ्यावर पट्टी.

“मी सही करणार नाही,” अक्का म्हणाली.

“मग पोलिसांत जाऊ.”

“चला. मी चप्पल घालते.”

मॅनेजरने कागद मागे घेतला. मालकांनी मान खाली घातली. मी मात्र सही केली, माझ्या रिपोर्टवर. ‘खाद्यात मीठ जास्त झाल्याने मृत्यू.’ साडेनऊ वाजता काम संपलं असं मला वाटलं.

२

अकराला पुन्हा फोन.

“सही केलीस?” पलीकडून विचारलं. ना हॅलो, ना कसा आहेस.

कॉलेजमध्ये आम्हाला शिकवणाऱ्या बाई. कोंबडीच्या आतड्याचा शेवटचा वीतभर भाग आणि त्यातून मीठ कसं शोषलं जातं, यावर त्यांनी तीस वर्षं काम केलं. पोरं त्यांना ‘मागच्या दाराच्या बाई’ म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

“अक्का माझ्याकडे बसलीय,” त्या म्हणाल्या. “मांडीवर कोंबडी आहे. तू ये. आणि येताना नीट मीठ घातलेलं खाद्य खाणारी एक कोंबडी आण. जिवंत.”

रविवारी अशी कोंबडी कुठून आणणार? आमच्या परसात होती, बायकोची. तिच्यासाठी मी दुसऱ्या गिरणीतलं चांगलं खाद्य आणतो. बायको बाजारात गेली होती. मी कोंबडी पिशवीत घातली आणि निघालो. त्याचं पुढे घरी काय झालं ते इथे सांगत नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा विभागप्रमुखांनी त्यांचं प्रयोगाचं यंत्र भंगारात काढलं होतं. बाईंनी ते टॅक्सीत मांडीवर घेऊन घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर मांडलं. त्यांचे यजमान चार वर्षं ओट्यापाशी स्टुलावर बसून जेवतात. मी गेलो तेव्हा ते तिथेच बसून शेंगा सोलत होते.

अक्का खुर्चीत ताठ बसली होती. तिच्या मांडीवर एका पायाने अधू असलेली कोंबडी.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “तुम्ही मोठे शिकलेले. मला एवढंच सांगा. सगळ्या मेल्या, तर ही लंगडी का जिवंत?”

मी कोंबडीची पिशवी खाली ठेवली.

“आजारी कोंबड्यांचा पिंजरा कोपऱ्यात आहे. त्यात पाच जणी. खाद्य त्याच कोठीतलं, मीच घालते. पाचही ठणठणीत आहेत. एक बसने घेऊन आले. बाई आमच्याच फार्मवरून कोंबड्या न्यायच्या, मीच निवडून द्यायचे. म्हटलं, कोंबडीच्या पोटातलं कळणारं माणूस मला एकच माहीत आहे.”

“कोठीतलं खाद्य वरचं घेतलंस की तळातलं?” बाईंनी मला विचारलं.

“वरचं.”

“शाबास.” त्या शब्दाने मला कॉलेजच्या बाकावर नेऊन बसवलं.

मी लगेच मॅनेजरला फोन लावला. कोठीला कुलूप घाला, तळातलं खाद्य तपासायचं आहे, असं सांगितलं.

“कोठी?” तो म्हणाला. “ती रिकामी केली की! सगळं खाद्य खड्ड्यात टाकून जाळलं. तुमच्याच रिपोर्टमध्ये विषारी लिहिलंय ना?”

३

मी फोन ठेवला आणि सांगितलं. अक्काचा चेहरा पडला. बाईंचा नाही.

“जाळू दे. खाद्य जाळलं, पण खाणारी इथे बसलीय.” त्यांनी लंगडीच्या पाठीवरून हात फिरवला. “अक्का, हिला मारावं लागेल.”

“ठाऊक आहे. तुमच्याकडे आलेली एक तरी परत गेलीय का?” अक्काने कोंबडी उचलून दिली. देताना तिचा अधू पाय नीट दुमडून दिला.

“शेवटच्या वीतभर आतड्यात,” हात चालू असताना बाई तिला समजावत होत्या, “मिठाची बारीक दारं असतात, प्रथिनांची. अंगात मीठ कमी पडलं की मूत्रपिंडाजवळची एक ग्रंथी रक्तात हार्मोन सोडते. हार्मोन म्हणजे निरोप समज. मीठ वाया घालवू नका, असा. तो पोचला की पेशी नवी दारं घडवून बसवतात आणि बाहेर चाललेला मिठाचा कणन् कण आत ओढतात. मीठ भरपूर मिळायला लागलं की निरोप थांबतो, दारं काढून घेतली जातात. दारं उभी राहायला दिवस लागतात, एका रात्रीत काही होत नाही.”

“म्हणजे सहा दिवस आठपट मीठ खाल्लं असेल तर?” मी विचारलं.

“तर एक दार सापडायचं नाही. बघू या.”

आधी माझ्या बायकोची कोंबडी. आतड्याचा तुकडा दोन काचेच्या पेल्यांच्या मधे कातड्यासारखा ताणून बसवला. दोन्हीकडे खारं पाणी, त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे. दारांतून मीठ आत गेलं की बारीकशी वीज वाहते आणि काटा हलतो. काटा जागचा जेमतेम हलला. बाईंनी एक औषध टाकलं. लघवी साफ होण्यासाठी माणसांना देतात ते जुनंच औषध, ते या दारांना बरोबर खुट्टी मारतं. काट्यात फरक पडला नाही. बंद व्हायला दारंच फारशी नव्हती.

मग लंगडीचा तुकडा.

काटा चढायला लागला. अर्ध्यावर गेला, अर्धं ओलांडलं, पार टोकाशी जाऊन थरथरत राहिला. यजमान शेंगा सोलायचे थांबले. बाईंनी औषधाचे थेंब टाकले. काटा कोसळला, थेट शून्याशी.

“दारंच दारं,” बाई म्हणाल्या. “मीठ जास्त राहिलं बाजूला. या पोरीला कित्येक आठवडे मीठ मिळालेलंच नाही.”

“मी दर सोमवारी घालते!” अक्का उठून उभी राहिली. “पुडी फोडते, ओतते. एकदाही चुकले नाही.”

“तू ओतलंस ते काय होतं?”



४

दुपारी चारला आम्ही तिघं फार्मवर पोचलो. गेटवरच मॅनेजर आडवा आला. “हिला आत सोडायचं नाही.”

“ती आत येणार,” बाई म्हणाल्या. “आणि मी सत्तरीची आहे. मला ढकललंत तर मी पडेन आणि फार मोठ्याने ओरडेन.”

आम्ही आत गेलो.

पहिले भेटले नळकाका, पाण्याच्या नळ्या बघणारे. अक्काशी त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं, सायकल कुठे लावायची यावरून. तोंड फिरवूनच ते बाईंना म्हणाले, “पाणी माझं काम. माझ्या पाण्यात खोट काढायची नाही. टाकी शनिवारी दुपारीच धुतली होती. तरी आज सकाळी सहाला पुन्हा धुवायला लावली मॅनेजर साहेबांनी. मेलेल्या कोंबड्या पडल्यात, आणि हे म्हणे आधी टाकी धू!”

“आजारी कोंबड्यांच्या पिंजऱ्याला नळी जाते?”

“नाही. तिकडे हीच डबड्याने पाणी नेते,” त्यांनी अक्काकडे न बघता बोट केलं. “विहिरीचं.”

मालकांची मुलगी घराच्या पायरीवर बसली होती. वडिलांच्या आधी, शनिवारी दुपारीच ती घर झाडायला आली होती. “मला या कोंबड्या नकोच होत्या,” ती बेधडक म्हणाली. “विकून टाका असं मी बाबांना शंभरदा सांगितलंय. टाकीच्या जिन्याची किल्ली माझ्याकडेही असते. म्हणून माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. पण मी असं मारणार नाही.”

“शनिवारी संध्याकाळी टाकीकडे कोणी होतं?”

“मामा होता. झाकण बसवत होता. बाह्या कोपरापर्यंत ओल्या.”

मालक पडवीत होते. बाईंनी त्यांना वेगळंच विचारलं. “कोंबड्या जुन्या झाल्या की काही लोक त्यांना उपाशी ठेवतात. त्या पिसं टाकतात, अंडी थांबतात, आणि महिना-दीड महिन्याने नव्या जोमाने सुरू होतात. तुम्ही करता?”

“कधीच नाही,” मालक म्हणाले. “गेल्या वर्षी याने विचारलं होतं. मी साफ नाही म्हटलं. मुक्या जिवाचा घास काढायचा नाही, हा आमच्या मंडळींचा नियम होता. त्या गेल्या तरी नियम आहे.”

शेवटी बाईंनी मॅनेजरला गाठलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, “आजारी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना वेगळं खाद्य असतं का हो?”

“वेगळं कशाला? तेच, त्याच कोठीतलं. सगळ्यांसमोर सांगतो.”

“सांगाच सगळ्यांसमोर,” बाई म्हणाल्या. “बोलवा सगळ्यांना खाद्याच्या खोलीत.”

५

खोलीत कोठी रिकामी, घासूनपुसून ठेवलेली. मालक खुर्चीवर, मुलगी त्यांच्या मागे, नळकाका दारात. अक्का आपल्या नेहमीच्या जागी, कालवण्याच्या यंत्रापाशी. तिथून तिला कोणी हलवू शकलं नसतं.

बाईंनी काट्याची हकीकत सांगितली. मॅनेजर हसला.

“एका लंगड्या कोंबडीच्या आतड्यावरून तुम्ही मला फासावर देणार? आजारीच होती ती.”

“तिचा पाय मोडला होता, पोट नाही. पिंजऱ्यात अजून चार आहेत. हवी ती तुम्ही निवडा, आत्ता चला माझ्या घरी. लंगडीचं रक्तही ठेवलंय, हार्मोन मोजायला.”

बाई पुढे बोलू लागल्या.

“लंगडीने कोठीतलं खाद्य खाल्लं, हे तुम्हीच सांगितलंत. तिला आठवडेच्या आठवडे मीठ मिळालं नाही. म्हणजे कोठीतल्या खाद्यात मीठ नव्हतं. मग आज सकाळी ते आठपट कसं झालं? कोणीतरी नंतर घातलं, वरच्या वर. आणि खाद्यात नव्हतं तर बाकीच्या मिठाने कशा मेल्या? ज्या नळीचं पाणी प्यायल्या त्या मेल्या. ज्या डबड्याचं प्यायल्या त्या जगल्या. मीठ टाकीत होतं, आणि ती टाकी आज सकाळी सहाला धुतली गेली.”

“टाकीची किल्ली तिघांकडे असते,” मॅनेजर म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. माझाच आवाज मला मोठा वाटला.

“सकाळी सातला तुम्ही मला फोन केलात. मीटर घेऊन या म्हणालात. तोवर एकही कोंबडी उघडलेली नव्हती. शंभर रोगांनी कोंबड्या मरतात. मिठाने मेल्या, हे तुम्हाला कसं कळलं?”

त्याने अक्काकडे बोट दाखवलं. “ही चुकणार हे मला माहीतच होतं! आठवडेच्या आठवडे मीठ नव्हतं म्हणता? मग हिनेच घातलं नसेल!”

“पुड्या कोण बांधतं?” बाईंनी विचारलं.

“साहेब,” अक्का म्हणाली. “कोठारात मोजून, चिकटवून, वर ‘मीठ’ आणि तारीख लिहून देतात. सात आठवड्यांपूर्वी हातमोजे आणि तोंडाला फडकं सक्तीचं केलं. म्हणाले, नवा नियम. तेव्हापासून हाताला काय लागतं ते कळत नाही. तरी सांगत होते मी, कोंबड्या माझ्या मनगटावरचा घाम टोचून खातात, एकमेकींची पिसं ओढतात. म्हणाले, उन्हाळा आहे.”

“रिकाम्या पुड्या?”

“टाकत नाही मी. अंड्यांच्या ट्रेमध्ये घालायला होतात.” तिने फळीवरून नीट दुमडलेला गठ्ठा काढला.

मॅनेजर एक पाऊल पुढे आला. नळकाका दारातून हलले आणि कोणी न सांगता त्याच्या आणि अक्काच्या मधे जाऊन उभे राहिले.

मालकांच्या मुलीने घरातून लिंबू आणलं. मी तीन महिन्यांपूर्वीच्या तारखेची पुडी उलगडली. दुमडीत पांढरे कण अडकले होते. लिंबू पिळलं. काही झालं नाही. अक्काने बोट लावून जिभेवर ठेवलं. “मीठ.”

मग गेल्या सोमवारची. तसेच पांढरे कण. लिंबाचा थेंब पडला आणि फसफसून फेस आला. त्याच्या आधीच्या सोमवारची, फेस. त्याच्या आधीची, फेस. सात पुड्या, सात वेळा.

“शिंपल्यांची पूड,” मी म्हणालो. “अंड्याचं कवच जाड व्हावं म्हणून पोत्यांनी येते ती. मीठ काढून हीच भरली. अन्न न तोडता नुसतं मीठ तोडलं, तरी कोंबड्या अंडी थांबवतात, पिसं टाकतात. आणि उपाशी ठेवलं असं कोणाला दिसतही नाही.”

मालकांनी पट्टी नसलेला डोळा मेहुण्यावर रोखला. “नाही म्हटलं होतं मी तुला.”

मॅनेजर पोत्यावर बसला. “तुम्ही प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणता, दाजी. दहा वर्षं मी राबतोय, आणि नियम ताईचे, तेही ती गेल्यावर. म्हटलं, तुम्ही परत याल तोवर नव्याने अंडी सुरू झालेली असतील. पण त्या एकमेकींना सोलायलाच लागल्या. तुम्ही रविवारी येणार, असा निरोप आला. मी घाबरलो. शनिवारी टाकीत मीठ ओतलं, राहिलेलं एकदम भरून निघेल म्हणून.” त्याने तोंडावर हात ठेवला. “तुटून पडल्या हो त्या पाण्यावर. मला वाटलं, चला, बरं वाटतंय त्यांना.”

बाई हळू आवाजात म्हणाल्या, “मिठाच्या भुकेल्या होत्या. पीत राहणारच. आणि आतलं प्रत्येक दार उघडं.”

६

सोमवारी सकाळी मला मालकांनी बोलावून घेतलं. मॅनेजर रात्रीच्या गाडीने गावी गेला होता. जायच्या आधी त्याचा जबाब मुलीने त्याच्याकडून लिहून घेतला होता.

अंगणात अक्का उभी होती. कामगार आपापल्या कामाला लागत होते.

“अक्का,” मालक म्हणाले, “झालं ते झालं. घरातली गोष्ट आहे. तू कामाला लाग, आपण विषय वाढवू नये.”

“तुमच्या घरातली असेल,” अक्का म्हणाली. “मला चोरासारखं उभं केलं ते याच अंगणात, सगळ्यांसमोर. माझी सून काल बाजारातून रडत आली. मी काही केलं नाही, हे इथेच वाचून दाखवा. तुमच्या तोंडाने.”

“तो माझ्या बायकोचा भाऊ आहे, अक्का.”

“आणि मी कोणाची तरी आई आहे. वाचणार नसाल तर मी चालले. खाद्य तुम्ही कालवा.”

मालकांनी मुलीकडून जबाबाचा कागद घेतला, उघड्या डोळ्यापाशी धरला आणि वाचला. एक वाक्य त्यांनी थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कामगार हातातलं टाकून जवळ आले होते.

मला वाटलं, संपलं. मी बॅग उचलली.

“आता डॉक्टर,” अक्का म्हणाली.

“मी?”

“कालचा रिपोर्ट तुमचा. सही तुमची.”

माझ्या खिशात नवा रिपोर्ट होता. तो मी गुपचूप मालकांच्या हातात देणार होतो. गेटपाशी बाई उभ्या होत्या, पण त्या मदतीला येणार नव्हत्या हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी कागद उलगडला. कोठीतलं वरचं मूठभर खाद्य बघून, एकही प्रश्न न विचारता, मी एका निर्दोष बाईवर ठपका ठेवला, असं त्यात मीच लिहिलं होतं. रात्री लिहिताना ते इतकं जड वाटलं नव्हतं. मी खाली मान घालून वाचायला सुरुवात केली.

अक्काने हात वर करून मला थांबवलं.

“मोठ्याने, डॉक्टर. मागच्यांना ऐकू येत नाहीये.”